तिसरी किल्ली

दाजीपूरच्या जंगलात शूटिंगला परवानगी मिळाली नाही,
म्हणून तौफिक शिकलगारनं जंगल आणलं
प्रयाग चिखलीच्या उसात.
"खालनं कॅमेरा लावला की ॲमेझॉनच दिसतंय," म्हणाला,
तर बांधावरनं बाळूतात्या चौगुले ओरडले,
"एक कांडं मोडलं तरी टनाचा दर लावीन, भावा!"

पिक्चरचं नाव 'घबाडगुहेचा शाप'.
बजेट म्हणजे दोन लग्नं आणि एका बारशाच्या शूटिंगचे पैसे.
बिबट्या म्हणून तौफिकच्या वहिनीचं कुत्रं,
अंगावर बूटपॉलिशचे ठिपके.
मगर थर्माकोलची. पंचगंगेत सोडली
तशी उलटी होऊन शिरोळकडं निघाली.
घाटावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं
धोपटण्यानं अडवून परत दिली.

विलायती चोर झालेले आमचे गणिताचे पिराजी सर,
टोपीला कोंबड्याचं पीस,
पायात करकर वाजणारी कापशी.
साउंडवाल्यानं तीनदा हात जोडले.
सर म्हणाले, "चोर असलो म्हणून अनवाणी फिरू काय?"

आणि नायिका मी.
वय छत्तीस, दुधाळीत ब्लाऊज शिवायचं दुकान,
अर्ध्या दिवसाची सुट्टी,
डोक्यावर बुजगावण्याची हॅट.

मला घेतलं, कारण मी त्या खेळात होते.
केबलवर लागायचा, रविवारी सकाळी दहाला.
मंगल कार्यालयात प्लायवूडची गुहा,
तीन दारं, तीन किल्ल्या, तीन मिनिटं,
आणि आत गव्याचा मुखवटा घातलेला राखणदार.
त्यानं धरलं की पोरगं बाद.
जिंकलं तर लाल सायकल.

मी अकरा वर्षांची.
पहिली किल्ली तांदळाच्या पोत्यात.
दुसरी माठात.
तिसरी
पेंढ्यात नव्हती, मडक्यात नव्हती,
थर्माकोलच्या देवाच्या तोंडात हात घातला
तर त्याचा दातच हातात आला.
मग गवा आला.
खांद्यावर हात ठेवला, अगदी हळू,
आणि अख्ख्या शुक्रवार पेठेनं माझं रडणं बघितलं.
पुढं दहावीपर्यंत पोरं मला 'किल्ली'च म्हणायची.

तौफिकनं तोच गवा शोधून काढला.
दत्तोबा लोहार. बहात्तर वय, गुडघे गेलेले,
मुखवटा मात्र ट्रंकेत जपलेला,
त्याला डांबरगोळ्यांचा वास.
सीन असा: मी आणि गवा झुंजणार,
त्याच्या गळ्यातली किल्ली मी हिसकावणार,
मागनं पिराजी सर करकरत येणार.

"ॲक्शन!"
दत्तोबांनी गळ्यातनं किल्ली काढली
आणि मुकाट माझ्या हातात ठेवली.

"कट! अहो मामा, झुंज कुठाय?"

मुखवट्याच्या आतनं आवाज आला, घोगरा,
"तवा माझ्याच खिशात हुती, पोरी.
सायकलवाल्यानं सायकल दिलीच न्हाई.
फोटूच हुता नुसता.
मालक म्हणला, कोण जिकंल तर बघ मग.
त्या साली चाळीस पोरं धरली मी.
तुझा खांदा लई थरथरत हुता."

उसात वारा फिरला. कुणी काही बोललं नाही.
सरांची कापशीसुद्धा गप्प.
मला राग यायला पाहिजे होता.
पण पंचवीस वर्षं मी मनातल्या मनात
ती गुहा उचकटत होते,
पेंढा, मडकं, देवाचं तोंड, परत पेंढा,
आणि ती तिथं नव्हतीच.
नव्हतीच!
मी हसत सुटले. हॅट पडली,
कुत्रं भुंकायला लागलं,
आणि तौफिकनं, गुणाचा पोरगा,
कॅमेरा बंद केलाच नव्हता.

शेवटचा सीन, खजिन्याची पेटी.
तिसरी किल्ली फिरवली. कुलूप खोटं होतं तरी उघडलं.
आत सगळ्या युनिटसाठी भडंग,
कारण झाकणाचा डबा तेवढा एकच.
मूठमूठ घेऊन बांधावर बसलो,
गव्यानं मुखवटा मांडीवर ठेवला,
बिबट्या ठिपके चाटून परत कुत्रा झालेला.

बाळूतात्या मोडलेली कांडी मोजत होते.
सतरा.
एक मी सोलून खात होते, ते धरून अठरा.